माणसाचं टप्प्यात आलंय

आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, ही म्हण संस्थेतल्या पेशीवाल्या सरांच्या जिभेवर कायम असायची. बैठकीत कोणी 'जर' म्हटलं रे म्हटलं, की सर चष्म्यावरून बघत ती फेकायचे. आणि 'जर' म्हणण्याचं काम त्या संस्थेत एकाच बाईकडे होतं. म्हणून तिचं नाव आत्याबाई पडलं, पुढे त्यातली बाई झिजून गेली आणि नुसती आत्या उरली. संचालकांपासून मेंढ्यांना चारा घालणाऱ्यापर्यंत सगळे तिला आत्याच म्हणत. खरोखरचीही ती आत्या होती, थोरल्या भावाच्या एकुलत्या एका मुलीची. स्वतः लग्नाच्या भानगडीत पडली नव्हती. कोणी कारण विचारलं तर म्हणायची, "तारीख बसली नाही."

संस्था माणसाचे बिघडलेले अवयव पुन्हा वाढवण्याच्या मागे लागली होती, आणि आत्या होती यकृत विभागात. रोग्याच्याच अंगातल्या पेशी घ्यायच्या, त्या पुन्हा कोवळ्या करायच्या, त्यांच्यापासून यकृताचा लहानसा तुकडा वाढवायचा आणि तो आजारी यकृतावर बसवायचा, असा एकूण बेत. त्या तुकड्याचं लांबलचक शास्त्रीय नाव होतं, पण सगळे त्याला ठिगळ म्हणत. माणसाला ठिगळ अजून कोणी लावलं नव्हतं. मेंढ्यांना लावत होते.

आत्याला पेशींमधलं ओ की ठो कळत नव्हतं आणि ती तसं चारचौघांत सांगायचीही. तिचं काम वेगळं होतं. कुठलं काम कधी सुरू होईल, कधी संपेल आणि एकाच्या पाठीवर दुसरं कधी येईल, हे ठरवायचं. तिच्या खोलीत भिंतभर लोखंडी फळा होता आणि त्यावर चुंबकाच्या रंगीत पट्ट्या. हिरव्या पट्ट्या पेशी वाढवण्याच्या, निळ्या मेंढ्यांच्या, आणि पांढऱ्या नुसती वाट पाहण्याच्या. शास्त्रज्ञांना तारीख विचारली की ते छताकडे बघतात. आत्या सुरुवातीला त्यांच्याबरोबर छताकडे बघायची, मग तिने तो नाद सोडला आणि दादाची युक्ती वापरायला सुरुवात केली.

दादा म्हणजे तिचा भाऊ, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. लहानपणी शिडी धरायला तिला बरोबर न्यायचा आणि वरून शिकवायचा, "अक्षरं शेवटून मोजायची. पहिलं अक्षर ऐटीत काढलं की शेवटचं पाटीबाहेर जातं, मग दुकानदाराच्या शिव्या खा." आत्याने संस्थेत तेच केलं. देणगीदारांची समिती ज्या दिवशी पाहणीला येणार तो दिवस फळ्याच्या उजव्या कडेला लावायचा, आणि तिथून मागे मागे येत सगळ्या पट्ट्या बसवायच्या. पट्ट्या बसायच्याच. न बसून सांगतात कोणाला! दादा पाहुण्यांना सांगायचा, "मी पाट्या रंगवतो आणि आमची बहीण पाट्या टाकते." आत्या त्यावर सगळ्यांच्या आधी हसायची.

फरक एवढाच, की अक्षरं दाटीवाटीने बसली तर फार तर कुरूप दिसतात. मेंढीचं यकृत फळ्याची कड बघून वाढत नाही. हे आत्याला ठाऊक होतं, सरांना ठाऊक होतं, संचालकांनाही ठाऊक होतं. म्हणून तर ती प्रत्येक पट्टीखाली बारीक अक्षरात एक 'जर' लिहून ठेवायची. ठिगळ धरलं तर. मेंढी जगली तर. गाठी आल्या नाहीत तर. समितीला दाखवायच्या कागदात ते बारीक अक्षर आणखी बारीक व्हायचं. त्यात कोणाला काही लबाडी वाटत नसे, कारण आजवर त्यापायी कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

मग दादाचं यकृत गेलं.

दारूचा थेंब कधी ओठाला लावला नाही. तरुणपणी केव्हातरी कावीळ झाली होती, ती अंगात घर करून राहिली आणि आतल्या आत कुरतडत बसली. कळलं तेव्हा पायांवर सूज होती आणि पोटात पाणी होतं. मीठ बंद झालं. पहिलं अळणी जेवण समोर आलं तेव्हा दादा म्हणाला, "झालं! आता खाल्ल्या मिठाला जागायची कटकट मिटली." वहिनी पदराआड हसली आणि मग तशीच रडायला लागली.

मोठ्या इस्पितळातल्या यकृताच्या डॉक्टरांनी सगळ्यांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं. "मुलीचा रक्तगट जुळतोय. तिच्या यकृताचा एक भाग काढून तुम्हाला लावायचा. तिचं परत वाढतं, तुमचंही चालू लागतं. आज तुमचं हृदय, किडन्या, सगळं धड आहे, त्यामुळे आज मी हो म्हणते. उद्या आणखी काही निघालं तर मला नाही म्हणावं लागेल. तेव्हा माझ्यावर चिडू नका."

मुलगी एका पायावर तयार होती. तिला घरात बटण म्हणत. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून बापाने ठेवलेलं नाव. आता चष्म्याच्या दुकानात नोकरी करायची आणि बापापेक्षा दोन बोटं उंच होती. "बाबा, मी स्वतः देतेय ना?" ती म्हणायची. दादा मान हलवायचा, हो म्हणायचा, आणि तपासण्यांचा दिवस आला की त्याला काहीतरी आठवायचं. कधी रंगाचं काम अर्धवट असायचं, कधी अंगात कणकण. लेकीच्या पोटाला आपल्यासाठी सुरी लागणार, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

नेमकी त्याच दिवसांत ती बैठक झाली. इतकी वर्षं 'माणसावर चाचणी' ही गोष्ट फळ्यावर नव्हतीच. तिच्याबद्दल सगळे 'पुढे कधीतरी' एवढंच म्हणत. संचालकांनी ठरवलं, की समितीला आता नुसत्या मेंढ्या दाखवून भागणार नाही, माणूस योजनेत आलाच पाहिजे. मग आत्याने नवी कोरी लाल पट्टी काढली आणि फळ्याच्या अगदी उजव्या टोकाला, तिसऱ्या टप्प्यात लावली. संस्थेच्या भाषेत याला 'टप्प्यात येणं' म्हणत. एखाद्या कामाला फळ्यावर कुठल्या तरी टप्प्यात जागा मिळाली की ते टप्प्यात आलं. ते काम होणार, असा त्याचा अर्थ नव्हता. खरं तर आज होणार नाही असंच काम टप्प्यात टाकलं जाई. तरी त्या दिवशी सगळ्यांनी हस्तांदोलनं केली, आणि पेशीवाल्या सरांनीसुद्धा म्हण काढली नाही.

आत्या त्या आनंदातच बाहेर आली आणि दादाचा फोन आला.

"काय गं, आवाज खुललाय तुझा आज?"

"दादा, माणसाचं टप्प्यात आलं!"

"काय सांगतेस! टप्प्यात?"

"टप्प्यात. आजच!"

पलीकडे दादाने घसा खाकरला. मग "बरं, बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. आत्याला वाटलं, दमला असेल.

आता टप्प्यात आलं म्हटल्यावर मराठी माणूस काय समजतो? सावज टप्प्यात आलं, म्हणजे आता बार टाकला की पडलं. काम टप्प्यात आलं, म्हणजे हात लांब केला की मिळालं. संस्थेत लागण्यापूर्वी आत्यानेही त्याचा दुसरा अर्थ लावला नसता. पण एकाच कचेरीत माणूस इतकी वर्षं बसला की घरचे शब्दही कचेरीचे होऊन जातात, आणि ते कधी झाले हे त्याचं त्याला कळत नाही.

पुढच्या रविवारी दादाने जेवायला बोलावलं. वहिनीने दारातच तिला मिठी मारली, ती इतकी घट्ट, की आत्या चक्रावली. सगळे बसले. दादाने चमचा ताटावर वाजवला आणि जाहीर केलं, "इस्पितळात कळवून टाकलंय. बटणाचं ऑपरेशन रद्द. घरचं यकृत येतंय तर पोरीला कशाला कापायचं? माझ्याच पेशी, माझंच यकृत, आणि माझीच बहीण तिथं बसलेली. याला म्हणतात नशीब!"

आत्याचा घास हातातच राहिला. काय झालं, कुठल्या शब्दाने झालं, हे तिला लख्ख कळलं. आता, या क्षणी बोलायचं, एवढंच करायचं होतं. पण दादाचा चेहरा उजळला होता. कित्येक महिन्यांत तो असा हसला नव्हता. वहिनी तिच्या ताटात स्वतःच्या हाताने वाढत होती.

बटण मात्र हसत नव्हती. तिने थेट विचारलं, "आत्या, खरंच? नक्की ना?"

आत्याने पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला आणि म्हणाली, "टप्प्यात आहे."

पहिल्या वेळी तो शब्द तिच्या तोंडून अजाणता गेला होता, आणि त्याचा दोष कोणी तिला दिला नसता. दुसऱ्या वेळी तिने तो निवडून वापरला. संस्थेच्या हिशेबाने तो खरा होता, म्हणजे खोटं बोलले नाही असं स्वतःला सांगायला मोकळीक होती. बटणाने मान डोलावली आणि ती जेवायला लागली.

सांगायचं होतं तिला. रोज सांगायचं होतं. पुढच्या आठवड्यात ती त्याच एका कामासाठी गेली, तर वहिनीने स्वयंपाकघरात तिचे दोन्ही हात धरले. "माझ्या पोरीवरची सुरी तुझ्यामुळे टळली. तोंडावर बोलत नव्हते गं, पण आतून जीव तुटत होता माझा. नवरा की पोर, असं कोणाला विचारतात का?" आत्या तशीच परत आली. नंतरच्या खेपेला दादाकडे कोणीतरी बसलं होतं. त्याच्या नंतरच्या खेपेला कोणीही बसलं नव्हतं, आणि तरी तिचं तोंड उघडलं नाही. भीती वाटते हे माणूस मान्य करत नाही. तो वेळ बघतो. आत्याचं तर वेळ बघणं हेच पोटापाण्याचं काम होतं.

आणि मग तिने ते केलं, जे दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं. शब्द मागे घेता येत नाही ना? मग पट्टी पुढे घ्यायची.

एके सकाळी ती फळ्यासमोर उभी राहिली. हिरवी पट्टी छाटता येत नव्हती, पेशी वाढायच्या तितक्याच वेळात वाढतात. निळी छाटली असती तर मेंढ्यांकडची माणसं भांडायला आली असती. राहिली पांढरी. ठिगळ लावलेल्या मेंढीकडे नुसतं बघत बसायचं, पुढे काही वंगाळ उगवतं का याची वाट पाहायची, ती ही लांबलचक पांढरी पट्टी. त्या पट्टीत कोणी काही करत नव्हतं. म्हणून ती छाटली तर ओरडणारंही कोणी नव्हतं. आत्याने ती काढली, तिच्या जागी एक आखूड लावली आणि लाल पट्टी सरकवत सरकवत पुष्कळ डावीकडे, जवळच्या तारखेवर आणली. लाल पट्टी दादाच्या आयुष्यात बसली पाहिजे, एवढं एकच माप तिच्या डोळ्यांसमोर होतं.

पेशीवाले सर फळा बघायला आले. त्यांनी पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवलं.

"पांढरी एवढीच?"

"बाकीची वाट आपण पुढचं काम चालू असताना पाहू. दोन्ही एकदम," आत्या म्हणाली.

"आणि गाठी आल्या तर?"

"सर, आत्याबाईला मिशा असत्या तर..." आत्या म्हणाली आणि हसली. सरांना हसू आलं नाही. पण समिती त्यांच्याही डोक्यावर बसली होती आणि नुसतं बघत बसण्याचं कौतुक त्यांनाही कोणी कधी केलं नव्हतं. ते चष्मा पुसत निघून गेले. संचालकांना मात्र फळा फारच आवडला. "आत्या, हे तू आधी का नाही सुचवलंस?" असं म्हणत त्यांनी त्याचा फोटो काढून घेतला.

महिनाभरात वर्तमानपत्रात बातमी आली. 'यकृताचे ठिगळ लवकरच माणसाला.' खाली संचालकांचा हसरा फोटो. दादाने बातमी कापून खिशात ठेवली आणि दाढी करायला गेला तेव्हा न्हाव्याला वाचून दाखवली. औषधाच्या दुकानात दाखवली. आत्या आली तेव्हा तिलाही दाखवली. "बघ, छापून आलंय!" तिचंच खोटं तिच्या हातात घडी घालून दिलं गेलं आणि तिला ते वाचून मान डोलवावी लागली. या बातमीनंतर बटणाने विचारणं सोडलं. छापलेल्या गोष्टीवर माणसाचा विश्वास बसतो, त्यात पोरीचा काय दोष?

दादा पिवळा पडत चालला होता. पोट वर आलं होतं, हातपाय काटक्या झाले होते. दिवसा बसल्या बसल्या झोपायचा. कधी वहिनीला आईच्या नावाने हाक मारायचा आणि मग स्वतःच ओशाळायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की यकृत घाण गाळेनासं झालं की ती डोक्यात चढते, माणूस विसरतो, गोंधळतो, पुन्हा ताळ्यावर येतो, पुन्हा गोंधळतो. औषध दिलं होतं. जुलाब होतात म्हणून दादा ते चुकवायचा.

एका दुपारी आत्या गेली तर तो अंगणात पाटी रंगवत बसलेला. बटण नोकरीला होती त्या चष्म्याच्या दुकानाची पाटी, बऱ्याच दिवसांनी हातात ब्रश. वहिनी कौतुकाने बघत होती. आत्याने वाचलं. 'चमे आणि डोळे तपासणी.' मधलं एक अक्षर नव्हतंच. त्याच्यासाठी जागासुद्धा सोडली नव्हती. बाकीची अक्षरं नेहमीसारखी सुबक, एकसारखी, ओळीत. दादा मागे सरकला, एक डोळा मिटून पाटी न्याहाळली आणि म्हणाला, "बसली की नाही बरोबर?"

वहिनीला लिहिता-वाचता बेताचंच येत होतं. ती म्हणाली, "छान बसली." जन्मभर दुसऱ्यांची नावं बिनचूक लिहिणारा माणूस समोर हसत बसला होता आणि त्याला चूक दिसत नव्हती. "छान आहे, दादा," ती म्हणाली आणि नळावर जाऊन तोंड धुऊन आली.

संस्थेतही काहीतरी बिनसत होतं. मेंढ्यांमध्ये एक जुनी, शांत मेंढी होती, तिला सगळे मावशी म्हणत. संस्थेत एक आत्या आणि एक मावशी, असा विनोद चालायचा. मावशीला ठिगळ लावून सगळ्यात जास्त दिवस झाले होते आणि तिच्या जोरावरच ती बातमी छापून आली होती. आता मावशीने चारा सोडला. कोपऱ्यात जाऊन भिंतीला डोकं लावून उभी राहायची. चाऱ्यावाल्याने वळवलं तर वळायची, आणि तो गेला की पुन्हा भिंतीला डोकं. आत्या काचेतून बघायची. बैठकांमध्ये सर गप्प बसायला लागले होते, आणि त्यांची ती म्हण ऐकू येत नव्हती म्हणून आत्याला जास्तच भीती वाटायची.

मग एका दिवशी सर तिच्या खोलीत आले आणि दार लावून घेतलं. अंगातला कोट काढलेला नव्हता, हात नुकतेच धुतलेले, ओले.

"मावशीला उघडलं," ते म्हणाले. "ठिगळ वाढतंय, आत्या. थांबतच नाहीये. यकृतावर गाठी, पोटाच्या पडद्यावर गाठी. दुसऱ्या मेंढीतही दिसताहेत. पांढरी पट्टी पूर्ण असती तर आधी हेच दिसलं असतं आणि माणसाचं नावसुद्धा कोणी काढलं नसतं."

"आता?"

"आता काय! कित्येक वर्षं मागे गेलो." सर खुर्चीत बसले. "एक बरं झालं, माणसाला लावलं नाही. लावलं असतं तर त्याला आपण मारलं असतं."

आत्या फळ्याला टेकली आणि दोन पट्ट्या खाली पडल्या. थोड्या वेळाने संचालकांचा निरोप आला. गाजावाजा नको, लाल पट्टी गुपचूप पुढच्या टप्प्यात घ्या. आत्याने निरोप ऐकला, पिशवी उचलली आणि बसमध्ये बसली. वेळ बघणं संपलं होतं. डॉक्टरांनी हो म्हटलेलं होतं, पोर तयार होती, अजून दादा हिंडत-फिरत होता. आज सांगितलं तर उद्या इस्पितळ गाठता येईल, एवढाच विचार करत ती दादाच्या घरी पोचली.

दादा खुर्चीत होता आणि बरा होता, डोळे स्वच्छ. बटण त्याच्या पायांना तेल चोळत होती. आत्या उभ्या उभ्याच बोलायला लागली, बसली असती तर पुन्हा राहिलं असतं.

"दादा, मी तुला टप्प्यात आलं म्हणाले ना, ते आमच्या फळ्यावरचं टप्प्यात. नुसती पट्टी लावली होती आम्ही. हाताशी काही नव्हतं. तेव्हाही नव्हतं. आता तर मेंढ्यांना गाठी आल्यात. ते ठिगळ तुला कधीच मिळणार नाहीये."

बटणाचे हात थांबले. "मी तुला विचारलं होतं," ती हळू म्हणाली. "जेवताना, तोंडावर विचारलं होतं. नक्की ना, म्हणाले होते."

"हो."

"मग?"

"भ्याले," आत्या म्हणाली. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतंच.

दादाने बहिणीकडे बघितलं. ती शिव्यांची वाट बघत होती, त्याने एखादी वस्तू फेकून मारली असती तरी तिला बरं वाटलं असतं. तो आपल्या सुजलेल्या पायांकडे बघत म्हणाला, "म्हणजे पोरीचंच घ्यावं लागणार?"

"हो, दादा."

"बरं. घेऊ मग." त्याने बटणाच्या डोक्यावर हात ठेवला. "एवढंच होतं तर आधी सांगायचंस की गं. मी काय खाल्लं असतं तुला?"

इतक्या सोप्या गोष्टीसाठी आपण इतके महिने घालवले, हे आत्याला तेव्हा कळलं आणि ती जमिनीवर बसून हमसाहमशी रडली. बटणाने तिला उठवलं नाही, पाणीही दिलं नाही. ती तेलाच्या हातांनीच इस्पितळाला फोन लावत होती.

डॉक्टरांनी लगेच बोलावलं. नव्याने रक्त घेतलं, नव्याने यंत्रात घातलं. मग सगळ्यांना पहिल्यासारखंच समोर बसवलं. यकृतात गाठ झाली होती. पहिल्या तपासणीत ती नव्हती. आता होती, आणि यकृतातून निघून मोठ्या रक्तवाहिनीत शिरली होती.

"आता यकृत बदलून उपयोग नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मुलीचा तुकडा लावला तरी ती गाठ तिथेही येईल. मी तिला उगाच कापणार नाही. मला माफ करा."

"पण माझं जुळतंय," बटण म्हणाली. "मी आज राहायची तयारी करून आलेय. बॅग आणलीय मी."

वहिनीला सगळं कळलं नव्हतं, पण बॅगेकडे बघून तेवढं कळलं, आणि तिने तोंडात पदराचा बोळा कोंबला.

दादा चाकाच्या खुर्चीत बसला होता. प्रवासाने दमला होता, मान एका बाजूला कलली होती, डोळे पुन्हा गढूळ झाले होते. खोलीतली शांतता त्याला खटकली असावी. तो सावरून बसला आणि घरातल्या कर्त्या माणसाने पाहुण्यांची समजूत काढावी तसा डॉक्टरांना म्हणाला, "काही वाईट वाटून घेऊ नका, डॉक्टर. पोरीला कापायचं माझ्या मनात कधीच नव्हतं. आमचं घरचंच येतंय." त्याने आत्याकडे बोट केलं. "ही आमची बहीण. तिथेच असते. माझ्याच पेशींचं करताहेत. काय गं, कधी येतंय म्हणालीस?"

डॉक्टरांनी आत्याकडे बघितलं. वहिनीने बघितलं. त्या दिवशी उभ्या उभ्या सांगितलेलं सगळं दादाच्या डोक्यातून पुसून गेलं होतं, आणि आता ते पुन्हा सांगायचं होतं, पहिल्यापासून, त्याच्या त्याच हसऱ्या चेहऱ्यासमोर. उद्या पुन्हा, परवा पुन्हा.

"दादा," आत्या म्हणाली, "मी तुला..."

"येतंय, बाबा," बटण म्हणाली. ती खाली वाकून त्याच्या पायावरचं पांघरूण सारखं करत होती. "आत्याचं चालू आहे तिकडे. तोवर तू औषध चुकवायचं नाहीस, कळलं?"

"बघा," दादा डॉक्टरांना म्हणाला.

बटणाने बॅग खुर्चीच्या मागे अडकवली आणि खुर्ची वळवली. आत्याकडे तिने एकदाही बघितलं नाही. फक्त दाराशी आल्यावर म्हणाली, "दार धर, आत्या." आत्याने दार धरलं.